मुलीसाठी भीमथडीची घोडी: उंची नको, पाठ बघा

प्रश्न: आम्ही इंदापूर तालुक्यात राहतो. शेती आहे, चार गाई, दोन म्हशी आहेत. मुलगी बारा वर्षांची. गेल्या सुट्टीत पुण्याला मावशीकडे राहून महिनाभर घोडेस्वारी शिकली, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे निघण्याआधी एक धनगर कुटुंब दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवतं. त्यांच्या वाड्यावर (म्हणजे मुक्कामाच्या तळावर) कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची एक भीमथडी घोडी आहे, सात-आठ वर्षांची. मुलगी तिच्यापासून हलत नाही. मामा (त्या मेंढपाळांना आम्ही मामाच म्हणतो) घोडी द्यायला तयार आहेत. तिच्यामागे तीन महिन्यांचं शिंगरू आहे. घरात मात्र एकमत नाही. सासरे म्हणतात, घ्यायचा तर मारवाडी घ्या, दारात शोभला पाहिजे, हे ओझ्याचं तट्टू कशाला? आमच्या ह्यांनी आइसलँडच्या घोड्यांचे व्हिडिओ पाहिलेत. तिथे धिप्पाड माणसं एवढ्याशा घोड्यांवर बसतात, मग मीही बसेन, म्हणतात. ह्यांचं वजन ८४ किलो, मुलीचं ३८. धाकटा मुलगा सहा वर्षांचा. काय करावं? आणि मुलीने एक प्रश्न विचारायला सांगितलाय: ‘तिचं नाव मी बदललं तर चालेल का?’
– एक आई

ताई,

घोडी घ्या. मुलीसाठी घ्या. तुमच्या ह्यांनी मात्र तिच्यावर बसू नये, फोटोपुरतंही नाही.

आधी सासऱ्यांशी बोलतो, कारण त्यांचा आक्षेप मी तीस वर्षांच्या पशुवैद्यकीत गावोगावी ऐकलाय. ‘तट्टू’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. हट्टी माणूस अडेलतट्टू, पैशासाठी राबणारा भाड्याचं तट्टू. आणि तीच आपली भाषा छाती फुगवून सांगते की भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं! ती तट्टं हीच, ताई. तुमच्या रानात बांधलेली कुमैत घोडी त्यांच्याच वंशातली. थडी म्हणजे नदीकाठ. भीमेच्या काठची म्हणून भीमथडी. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. म्हणजे सासरे ज्या मातीत जन्मले, जवळपास तिथलीच ही जात.

सतराव्या-अठराव्या शतकात अरबी आणि तुर्की घोड्यांचं रक्त इथल्या लहान घोड्यांत मिसळलं आणि मराठ्यांच्या घोडदळाला हवं तसं जनावर तयार झालं. ठेंगणं, काटक, घाट चढणारं, मिळेल त्या चाऱ्यावर मजल मारणारं. उंच घोडा सपाट मैदानात देखणा पळतो, पण त्याच्या चंदीची आणि पाण्याची सोय मागून यावी लागते. जे सैन्य रातोरात हलायचं, त्याला असा घोडा परवडणारा नव्हता. पुढे लढाया संपल्या, पागा मोडल्या. तेव्हा ही घोडी ज्यांनी सांभाळली ते म्हणजे धनगर. पुणे, सातारा, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात त्यांची बिऱ्हाडं याच घोड्यांच्या पाठीवर फिरली: भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी तान्हं मूलसुद्धा. २०२४ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, झांस्करी, स्पिती, भूतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी आणि आता भीमथडी. हा कागद सासऱ्यांना दाखवायला उपयोगी पडेल. पण मान द्यायचा तो मामांच्या आजा-पणजांना.

शोभेचाच प्रश्न असेल तर त्यांना मणिपूरची गोष्ट सांगा. आज श्रीमंतांचा समजला जाणारा पोलो मणिपुरात ‘सगोल कांगजै’ नावाने गावातली माणसं खेळत होती, आणि खेळत होती जेमतेम बारा-तेरा हातांच्या घोड्यांवर. तिथून तो चहामळेवाल्या इंग्रजांनी उचलला. १८५९ मध्ये सिलचरला त्यांचा क्लब निघाला आणि मग खेळ जगभर गेला. (घोड्याच्या मापातला ‘हात’ म्हणजे चार इंच, तळहाताची रुंदी. आपला कोपरापासूनचा हात नव्हे. तेरा हात म्हणजे १३२ सेंटिमीटर. हे माप जमिनीपासून मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत घ्यायचं, डोक्यापर्यंत नाही.)

मारवाडी घोडा मला फार आवडतो. त्याचे आत वळलेले कान, त्याची मान, त्याची चाल बघत तासभर उभा राहीन. पण तो तल्लख असतो, वाऱ्याने पान हललं तरी त्याच्या अंगातून लाट जाते. महिनाभर शिकलेल्या बारा वर्षांच्या पोरीखाली तसं जनावर देणं मला पटत नाही. भीमथडीच्या पाठीवर ती स्वतः खोगीर टाकू शकेल, तंग स्वतः आवळू शकेल, रानात उतरावं लागलं तर ओट्याशिवाय परत चढू शकेल. पडली तरी कमी उंचीवरून पडेल. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की त्या घोडीच्या डोळ्यात डोळा घालून ती उभी राहू शकेल. घोड्याशी ओळख खोगिरावर बसून होत नाही, ताई. खरारा करताना, खूर उचलताना, पाणी पाजताना होते. उंच घोड्याची ती कामं मोतद्दार करतो आणि मूल फक्त बसायला येतं.

आता वजनाचा हिशेब. हा मी प्रत्येकाला करायला लावतो.

जगभर सर्वसाधारणपणे मानलेला नियम असा की घोड्याने स्वार आणि खोगीर मिळून स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंतच वाहावं. घोडी काट्यावर चढवायची गरज नाही, शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायाच्या कोपरामागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि येईल त्याला ११,८८० ने भागा. उत्तर किलोत येतं. समजा घेर १४८ आणि लांबी १३२ भरली, तर घोडी साधारण २४३ किलोंची. तिचे २० टक्के म्हणजे जवळजवळ ४९ किलो. मुलगी ३८, हलकं खोगीर ६, एकूण ४४. बसतंय. तुमचे हे ८४, त्यांना लागणारं खोगीर ८, एकूण ९२. म्हणजे घोडीच्या वजनाच्या ३८ टक्के. यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

ते म्हणतील, मामा तर तिच्यावर केवढं बिऱ्हाड लादतात! लादतात, पण ते ओझं दोन्ही बाजूंना सारखं बांधलेलं असतं, घोडी चालीनेच चालते आणि मेंढ्यांच्या वेगाने चालते. स्वार हे हलणारं ओझं आहे. दुडकी चालीत तो प्रत्येक पावलाला पाठीवर आदळतो. आणि मराठे स्वार बसायचे ना, असंही ते म्हणतील. बसायचे. त्याची किंमत घोड्यांनी मोजली, मोहिमेवरून पाठ सोललेले, पाय गेलेले घोडे परत आले. लढाईत जे करावं लागलं ते हौसेसाठी करू नये.

आइसलँडचे घोडे त्यांनी पाहिले ते बरं झालं, कारण त्यातूनच मुद्दा कळतो. तो घोडा उंचीला तुमच्या घोडीपेक्षा फार मोठा नाही, तेरा-चौदा हातच. पण वजन साधारण ३३० ते ३८० किलो. म्हणजे त्याच उंचीच्या चौकटीत शंभरेक किलो जास्त हाड आणि मांस ठासलेलं. पाठ आखूड, कंबर रुंद, गुडघ्याखालची नळी आखूड आणि जाड. सुताराला विचारा, आखूड तुळई आणि लांब तुळई यांत जास्त भार कोण पेलते. घोड्याची पाठ पुढच्या आणि मागच्या पायांवर टेकवलेली तुळईच आहे. शिवाय दहाव्या शतकापासून त्या बेटावर बाहेरचा घोडा येऊ देत नाहीत, आणि बेटाबाहेर गेलेला घोडा परत घेत नाहीत. हजार वर्षं त्याच घोड्यांतून थंडीत टिकणारे, माणूस वाहणारे निवडत गेले. ‘टोल्ट’ नावाची त्यांची चाल तर अशी की एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे स्वार आदळत नाही, तरंगत जातो. आणि तरीही वजन वाढलं की त्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके आणि श्रमाने रक्तात साठणारं लॅक्टेट वाढतं, हे त्यांच्याच चाचण्यांत दिसलंय. व्हिडिओत घोड्याचा दम दिसत नाही. तसला घोडा इकडे आणायचं मात्र मनातही आणू नका. त्यांच्या बेटावर चावऱ्या चिलटांचा त्रासच नव्हता. युरोपात नेलेले कितीतरी घोडे त्या चिलटांमुळे खाजून खाजून आयाळ आणि शेपूट झिजवून घेतात. उजनीच्या पाणलोटाजवळ त्याचं काय होईल!

लहान पण भारवाहू घोड्यांची हीच ठेवण जगभर दिसते. नॉर्वेचा फ्योर्ड, मातकट रंगाचा, पाठीवर काळी रेघ, आयाळ उभी. आल्प्समधल्या दक्षिण टिरोलचा हाफलिंगर, तांबूस अंगाचा आणि सोनेरी आयाळीचा. सगळ्या हाफलिंगरांचा वंश १८७४ साली जन्मलेल्या फोली नावाच्या एका वळू घोड्यापर्यंत जातो. ब्रिटनमधला ‘कॉब’ ही तर जातही नाही, घडण आहे. बुटके भक्कम पाय, रुंद छाती, जाड मान, गोल पुठ्ठा आणि शांत डोकं, असा कुठलाही घोडा कॉब. वेल्श कॉब ही त्यातली नोंदलेली जात. आठवडाभर गाडी ओढायची, सुट्टीच्या दिवशी मालकाला पाठीवर घ्यायचं, घरातल्या म्हातारीलाही बसू द्यायचं, असं हे घरचं जनावर होतं. तुमच्या ह्यांना खरंच घोड्यावर बसायचं असेल तर त्यांनी असली घडण शोधावी: चौदा-पंधरा हात, साडेचारशे किलोंच्या वर, गुडघ्याखाली जाड हाड. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत फिरावं, पण पहिल्या फेरीत पाकीट घरी ठेवून जावं. तिथे अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर किंमत ठरते. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा असला की भाव चढतो, डोळ्याखाली आसूढाळ हा अशुभ भोवरा असला की चांगलं जनावर मातीमोल होतं. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणून दुप्पट मागतात. त्या खुणांशी पाठीचा, पायांचा, स्वभावाचा काडीचा संबंध नाही. उलट आसूढाळ म्हणून कोणी नाकारलेली धडधाकट घोडी स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्यावी.

मामांच्या घोडीकडे परत येतो. तिची नीट पाहणी करा. पाठीवरून हात फिरवा, पांढरे केस उगवलेल्या जागा दिसतील. तिथे पूर्वी पाठ लागलेली होती, म्हणजे ओझ्याने सोललेली. जुने, भरलेले, सपाट डाग असतील तर चालतं. दाबल्यावर ती अंग चोरत असेल तर आधी इलाज. कडक रस्त्यावर दुडकी चालवा आणि डोकं पाहा. लंगडणाऱ्या पुढच्या पायावर भार आला की डोकं वर जातं, चांगला पाय पडला की खाली येतं. चारही खूर उचलू देते का? दोन म्हशी शेजारून गेल्या, ट्रॅक्टर गेला, मोटारसायकल गेली, तर काय करते? वाड्यावरच्या घोडीने हे सगळं पाहिलेलं असतं, आणि हाच तिचा सगळ्यांत मोठा गुण. पुण्याच्या तबेल्यात हजारोंची फी भरून घोड्यांना जे शिकवतात ते ही रस्त्यावर शिकली.

एक गोष्ट मात्र तिला येत नसेल. ती ओझ्याची घोडी आहे, स्वाराची नाही. ओझं तिला टाच मारत नाही, लगाम ओढत नाही. पहिले दोन महिने कोणा जाणत्याकडून तिला हळूहळू खोगिराची सवय करा. म्होरकी घालून चालवणं, मग रिकामं खोगीर, मग मुलगी वर आणि माणूस पुढे. या गोल पाठीच्या घोड्यांवर मानेमागचा उंचवटा फार नसतो, त्यामुळे खोगीर पुढे सरकतं. दुमची लावा, शेपटीखालून पट्टा जातो तो. आणि उंच घोड्यासाठी शिवलेलं अरुंद खोगीर स्वस्तात मिळालं म्हणून आणू नका. एका थंड हवेच्या ठिकाणी मी तरुणपणी दोन वर्षं नोकरीला होतो. तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या एका तट्टाची पाठ उघडली तेव्हा अरुंद खोगिराने मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर खोल जखमा केल्या होत्या. वर रंगीत झूल होती, त्यामुळे आठवडाभर कोणाला दिसलंच नाही. त्या दिवसापासून मी झूल उचलल्याशिवाय घोड्याबद्दल बोलत नाही.

खाण्याबद्दल तुमच्या भागातल्या माणसाला बजावून सांगितलं पाहिजे. तुमच्याकडे ऊस आहे, नेपिअर गवत आहे, गाईंसाठी पेंड आहे, आणि लाड करणारी मुलगी आहे. या चारही गोष्टींपासून घोडीला जपा. ही जात खडकाळ माळावर वाळक्या गवतावर जगलेली आहे. तिला गूळ, उसाचे कांडे, पोतंभर धान्य मिळालं की खुराच्या आतल्या पडद्याला सूज येते. घोडी पाय पुढे टाकून, मागच्या पायांवर रेलून उभी राहते आणि कायमची अधू होऊ शकते. लहान जातींत हा आजार जास्त. नेपिअरमधलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईला ते पचतं, घोड्याच्या हाडांवर येतं. तयार पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, आणि त्याचं थोडं प्रमाणही घोड्याला प्राणघातक असतं. म्हणून घोडीचं खाणं गाईंच्या खाण्यापासून वेगळं, झाकणाच्या पिंपात. वाळलं गवत, थोडा कडबा, मिठाची वीट, स्वच्छ पाणी, आणि काम असेल त्या दिवशी मूठभर भिजवलेला हरभरा. एवढ्यावर ती चकाकेल.

घेण्याआधी सरकारी पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या, ग्लँडर्स आणि सर्रा या दोन रोगांसाठी. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासतात. धनुर्वाताची लस घोड्याला हवीच, घरातल्या सगळ्या जनावरांत त्यालाच धनुर्वाताचा धोका सर्वांत जास्त.

आणि शिंगरू. तीन महिन्यांचं शिंगरू आईपासून तोडू नका. सहा महिन्यांपर्यंत ते तिच्याजवळच राहायला हवं. म्हणून मी सुचवतो ते असं: मामांना विसार द्या, पूर्ण भाव द्या, घासाघीस करू नका. घोडी आणि शिंगरू या वर्षी वाड्याबरोबर कोकणात जाऊन येऊ देत. तिच्यावर ओझं कमी ठेवायला सांगा. पावसाच्या तोंडाशी ते परततील तेव्हा शिंगरू दहा महिन्यांचं होईल. परवडत असेल तर दोघांनाही घ्या, कारण एकटा घोडा सुकतो. नाहीतर निदान तिला गाईंच्या शेजारी बांधा, एखादी शेळी सोबत द्या. एवढ्या महिन्यांत मुलगी खरारा, खूर साफ करणं, म्होरकीची गाठ शिकेल. ते परत येईपर्यंत तिचा उत्साह टिकला तर खरा.

चार वर्षांनी मुलगी सोळाची होईल, पन्नास किलोंची होईल, आणि घोडीच्या पाठीचा हिशेब चुकायला लागेल. तो दिवस येणार हे आजच धरून चला. तेव्हा धाकटा दहाचा असेल. त्याच्यासाठी घोडी अकरा-बारा वर्षांची, म्हणजे अगदी समजूतदार वयाची. नंतर हलकी गाडी ओढेल. घोडा पाठीवर वाहतो त्याच्या कितीतरी पट ओढू शकतो, आणि त्या गाडीत तुमचे हे खुशाल बसोत. पंचवीस वर्षं जगणारं जनावर आहे. खरेदीच्या कागदावर सही करताना सगळ्या घराने ती वर्षं मोजावीत, एकट्या मुलीने नाही.

आता मुलीचा प्रश्न. बाळ, नाव बदलू नकोस. मामा तिला रात्रीच्या मुक्कामावर अंधारात एका हाकेने बोलावतात, आणि ती मेंढ्यांतून वाट काढत येते. ती हाक त्यांच्याकडून शिकून घे, नुसतं नाव नाही, सूरही. वाडा निघण्याआधी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर उभी राहून मार. जूनमध्ये ती परत येईल तेव्हा बांधावरून तूच पहिली हाक द्यायचीस.